शेअर चढला, कुकर पडून राहिले

सव्वानऊ वाजले की माझ्या उजव्या हाताचा अंगठा खाजवतो. दारव्ह्याच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मलम दिलं. मी मलम लावलं आणि त्याच अंगठ्यानं फोन उघडला. फोनची काच तेवढी चिकट झाली.

सव्वानऊला शेअर बाजार उघडतो, तिकडं मुंबईत. आमचं बोरी अरबचं दुकान साडेनऊला उघडतं, आणि उघडून फारसं काही होत नाही. मधल्या पंधरा मिनिटांत मी अंगण दोनदा झाडते, चहा ठेवते, तो उतू घालवते, किल्ल्या शोधते आणि त्या कमरेलाच असतात. सत्तरीकडं निघालेल्या बाईला हे शोभत नाही, मला कळतं. पण शोभून दिसण्याचं माझं वय कधी आलंच नाही, ते आता कुठून येणार.

दुकान भांड्यांचं. बाजाराच्या रस्त्यावर, दोन शटरचं. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. त्याआधी माझं काम नावं टाकायचं. आमच्याकडं मुलीला लग्नात आंदण म्हणून भांडी देतात आणि प्रत्येक भांड्यावर नाव टाकून घेतात, कोणी दिलं आणि कोणाला दिलं. त्यासाठी जाड पेनासारखं विजेचं मशीन असतं. ते धरलं की दातापर्यंत झिणझिण्या येतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी ते माझ्या हातात दिलं, आणि पहिल्याच दिवशी एका परातीवर मी नवरीच्या जागी तिच्या सासूचं नाव टाकलं. परात परत आली, सोबत चार माणसं भांडायला आली. ती गेल्यावर सासरे म्हणाले, "सूनबाई, अक्षर मात्र सुरेख आहे." एवढ्या एका वाक्यावर मी चाळीस वर्षं फुगून होते.

पण मला जिची थट्टा करायची आहे ती ही अठरा वर्षांची पोर नव्हे. तिला सगळं माफ आहे. मला बोलायचं आहे त्रेसष्ट वर्षांच्या एका बाईबद्दल, जी स्वतःला फार हुशार समजत होती.

कोरोनाच्या साली दुकान बंद, रस्ता बंद, आठवडी बाजार बंद. मुलगा पुण्याहून घरी आलेला, खोलीत लॅपटॉप घेऊन नोकरी करायचा. त्याच सुमारास माझी बँकेतली एक ठेव सुटली. तो म्हणाला, "माय, बँकेत ठेवून काय भेटते? शेअर घे."

"मले त्यातलं काय समजते?"

"तुले जे समजते थेच घे."

"मले कुकर समजते."

झालं. ज्या कंपनीचे कुकर आम्ही वीस वर्षं विकत होतो, तिचेच शेअर त्यानं माझ्या नावावर घेऊन दिले. फोनमध्ये एक खिडकी करून दिली. हिरवं म्हणजे वर, लाल म्हणजे खाली, एवढं शिकवलं. मी वहीत लिहून घेतलं, जसं काही विसरण्यासारखं होतं.

आणि मग ते हिरवं होत गेलं. बाहेर रस्त्यावर कुत्रं नाही. बांगड्यावालीच्या शटरवर कोळ्यानं जाळं विणलेलं. रसवंतीवाला घरोघर भाजी विकतोय. आणि माझ्या हातात सगळं हिरवंगार, जणू पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत जो तो कुकर घ्यायला रांगेत उभा. त्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईला एकदा तरी वाटावं ना, की बंद दुकानांचा भाव वाढवून राह्यलं कोण? नाही वाटलं. तिला वाटलं, आपल्याला धंदा कळतो म्हणून शेअर चढला. सासऱ्यांनी अक्षराचं कौतुक केलं होतं तसंच आता अख्खी मुंबई आपलं कौतुक करतेय.

दुकानं उघडली. मुलगा पुण्याला परत गेला. माझा अंगठा इथंच राहिला. दोन वर्षं मी तो शेअर चढताना पाहिला, आणि तिसऱ्या वर्षी लगीनसराईच्या तोंडावर मी ती अक्कल दुकानात वापरली.

दरवर्षी आम्ही हंगामासाठी आठ-दहा कुकर भरायचो. कंपनीचा सेल्समन यवतमाळहून मोटरसायकलवर यायचा, महिन्याला एकदा. वीस वर्षांत त्याचे केस गेले, मोटरसायकल तीच. पायरीवर बसून आधी पाणी प्यायचा, मग पानवाल्याची चौकशी करायचा, मग ऑर्डरची वही काढायचा. त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, चाळीस लिहा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काकू, दहा घ्या."

"चाळीस."

"कापूस भिजला यंदा. सोयाबीनले भाव नाही. लोकं कुकर घेऊन राह्यले का?"

"भाऊ, तुम्ही कंपनीचे का गिऱ्हाइकाचे? तुमच्या कंपनीचा शेअर कुठं गेला, माहीत तरी हाये का तुम्हाले?"

त्याला माहीत नव्हतं. मग मी त्याला त्याच्याच कंपनीबद्दल अर्धा तास सांगितलं. तो ऐकत होता. फोन पुढं करून मी त्याला रेष दाखवली, कशी पायऱ्या-पायऱ्यांनी वर गेली. मुंबईच्या एवढ्या मोठ्या लोकांना काहीतरी दिसल्याशिवाय का ते पैसे टाकतात, असं मी म्हटलं. हे वाक्य आजही आठवलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्यानं चाळीस लिहिले. पाच लिटरचे सदतीस आणि तीन लिटरचे तीन. जाताना म्हणाला, "तुमच्यासारखे दुकानदार भेटले तं माहा साहेब माहा फोटो लावते."

मुलाला हे फोनवर कळलं.

"चाळीस कायले?"

"तूनं शेअर पाह्यला का?"

"शेअरचा अन् बोरीच्या बाजाराचा काय संबंध, माय?"

"तूच म्हणलं नं, समजते थे घे."

आता तोही पेटला. म्हणाला, "ठीक आहे. लगीनसराई सरली की मी येतो. चाळीसातले पाचच्या वर उरले तं दोन्ही शटर खाली. एक मोबाईलवाला भाड्यानं मागूनच राह्यला. तू पुण्याले चाल. मालाचा जो पैसा येईल थो शेअरमधी टाकू. तिथं तरी वाढते."

"अन् नाही उरले तं?"

"तं मी पुन्हा दुकानाचं नाव काढत नाही."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. हरण्याचा प्रश्नच नव्हता, शेअर त्या दिवशीही हिरवा होता.

लग्नं झाली. लग्नं थांबत नाहीत. मांडव पडले, डीजे वाजले. गिऱ्हाईकही आलं. पण ते काय घ्यायला आलं, हे सांगते.

एक बाई यायची, जवळच्याच खेड्यावरची. हातात जुना कुकर, फडक्यात बांधलेला. झाकणाचं रबर सैल झालंय, नवं द्या. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, रबराचा दोष नाही, झाकणच वाकडं झालं. नवे कुकर आलेत, पाह्यतं का?"

"पाह्यतो नं. पाह्याले काही पडते का?"

तिनं खरंच सगळे पाहिले. एकेक उचलून, बुडाला टिचकी मारून. मग रबर घेऊन गेली. तशीच दुसरी आली, तिला शिट्टी हवी होती. तिसऱ्याला मूठ. रबराचं आख्खं खोकं त्या हंगामात संपलं आणि मी दुसरं मागवलं. असं दुकानात कधी झालं नव्हतं. ते खोकं माझ्यासमोर रिकामं होत होतं, बाजाराची खरी बातमी तिथंच होती, आणि ती स्वतःला हुशार समजणारी बाई रबर मोजून देता देता फोनमध्ये बघत होती.

एक माणूस बैलबंडीत चुंगडी, म्हणजे पोतं, घालून आला. चुंगडीत भांडी. गंज म्हणजे आमच्याकडची पातेली, ताटं, पाण्याचा एक पितळी गुंड, कागदसुद्धा न काढलेली. म्हणाला, "मोठ्या सुनेच्या आंदणाचे हायेत. वापरलेच नाही. आता पोरीच्या लग्नात देऊन राह्यलो. सुनेचं नाव मिटवा अन् पोरीचं टाका."

"सूनबाई काय म्हणते?"

"थेच म्हणे, देऊन टाका, मले कायले इतके गंज." मग जरा थांबून म्हणाला, "तोंडानं म्हणे."

टाकलेलं नाव मिटत नाही. पॉलिश पेपरनं घासलं तरी उन्हात धरलं की दिसतं. म्हणून जुन्या नावावरून वेल काढायची, पानं-फुलं, आणि तिच्याखाली नवं नाव. ते गंज मी दोन दिवस करत बसले. मग दुसरा आला, मग एक बाई आली, मग नात्यातलेच एकजण आले आणि म्हणाले, बाहेर सांगू नका. त्या हंगामात मी नावं कमी टाकली आणि वेली जास्त काढल्या. प्रत्येक वेलीखाली एकेक सून होती.

तरी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण शेअर चढतच होता. मग एके दिवशी तो असा चढला की मी खुर्चीवरून उठले. एका दिवसात इतका तो कधी चढला नव्हता. टीव्हीवर कंपनीचं नाव आलं, नफा वाढला म्हणून. मी चौकातून पाव किलो पेढे आणले. बांगड्यावालीला दिला, पानवाल्याला दिला. तेवढ्यात मोटरसायकल आली. तोच सेल्समन. त्याचा यायचा दिवस नव्हता आणि खांद्याला बॅगही नव्हती, पण हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

त्यानं खाल्ला. पाणी प्यायला. मग विचारलं, "कायचे होय, काकू?"

"तुमच्याच कंपनीचे. शेअर चढला नं भाऊ आज."

त्यानं पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला. म्हणाला, "हाव, चढला असंन. लहान गावाचे सारे सेल्समन काढले परवा. आता ऑर्डर फोनवरूनच द्या लागते तुम्हाले. खर्चा वाचला."

मी हातातला पुडा धरून उभी.

"पण विक्री?"

"विक्री शहरात हाये नं. तिथं एक कुकर आपल्या तीन कुकरच्या भावात जाते. काचेच्या झाकणाचे, अन् काय काय. आपल्या इकडचा साधा कुकर त्याहिले जडच झालता." मग तो हसला, खरंच हसला. "म्हंजे पेढा माह्याच नावाचा झाला, काकू."

मी त्याला बसा म्हटलं. तो उठला. अजून चार दुकानदारांना सांगायचं होतं त्याला.

त्या दिवशी मला एका जागी बसवेना. गंज काढले, पुसले, परत लावले. मोठ्यात लहान, लहानात त्याहून लहान, सगळे काढून पुन्हा उलटे लावले. फोन गल्ल्यात ठेवला आणि दर पाच मिनिटांनी गल्ला उघडला. हिरवा. त्या हिरव्यात त्याची मोटरसायकल होती, हे आता मला दिसत होतं. आणि तरी त्यात माझा किती वाटा, हेही माझं डोकं आपोआप बघत होतं. मी त्याला थांबवू शकले नाही.

लगीनसराई सरली. चाळीसातले अकरा कुकर गेले. एकोणतीस उरले. मुलानं फोन केला, आठ दिवसांनी येतो.

आता इथं शहाण्या बाईनं काय केलं असतं? खरं सांगितलं असतं. मी मागच्या बोळात राहणाऱ्या त्या बांगड्यावालीकडं गेले. तिचा पलंग उंच आहे.

"सव्वीस कुकर ठेवाचे हायेत, चार दिवस."

"काकू, चोरीचा माल माह्या पलंगाखाली?"

"चोरीचा नाही वो. लाजेचा."

आम्ही दोघींनी दुपारी, रस्ता सामसूम असताना, साडीच्या पदराखाली एकेक करून ते नेले. सव्वीस खेपा. गुडघ्यांचे सांधे बोलायला लागले. तीन लिटरचे तीन तेवढे मुद्दाम फळीवर ठेवले, कारण सगळेच खपले म्हटलं असतं तर माझ्या मुलानं ओळखलं असतं. एवढी अक्कल मला असते. बाकीची कुठं जाते कोण जाणे.

मुलगा आला. त्यानं फळी पाहिली. मग मला पाहिलं. "माय, तीनच?"

"तीनच."

इतका खूश झालेला मी त्याला दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता. गल्ल्यावर बसला, चहा मागवला, पुण्यात बायकोला फोन करून म्हणाला की आई जिंकली, आपण हरलो. मला तिथं उभं राहवेना. दुकान माझं राहिलं होतं आणि मला ते माझं वाटत नव्हतं. मी वाट्यांची चळत उगाच मोजायला घेतली.

आणि त्याच वेळी ती आली. रबरवाली. यावेळी हातात कुकर नव्हता.

"काकू, बूडच गेलं वो त्याचं. काल डाळ साऱ्या चुलीवर. तूर इकली, आता घेऊनच टाकतो म्हणलं. पाच लिटरचा द्या."

मुलगा गल्ल्यावरून हसत म्हणाला, "काकू, पाच लिटरचे संपले. मायनं सारे विकले. तीन लिटरचा देऊ?"

"तीनात काय होते? सात माणसं हाओत आम्ही." तिनं पिशवी खांद्यावर टाकली. "बरं. जातो मंग यवतमाळले."

ती पायरी उतरली. लगीनसराईत जी प्रत्येक कुकरच्या बुडाला टिचकी मारून गेली होती ती, पैसे घेऊन, पायरी उतरली. मुलगा खूश होऊन बघत होता. मी गप्प राहिले असते तर दुकान राहिलं असतं. फक्त त्या दुकानातून गिऱ्हाईक यवतमाळला गेलं असतं.

"थांब बाई," मी म्हटलं. मग मागच्या दारातून बोळात तोंड करून हाक मारली, "एक काढ वो. पाच लिटरचा."

बांगड्यावाली एक कुकर घेऊन आली आणि मुलाला बघून दारातच थबकली. म्हणाली, "एकच म्हणलं नं? का साऱ्या सव्वीस आणू?"

मुलगा गल्ल्यावरून उठला. त्यानं आधी त्या बाईला कुकर दिला, पैसे घेतले, रबर एक जास्तीचं दिलं. मग बोळात जाऊन पलंगाची चादर वर करून वाकून पाहिलं. परत येऊन म्हणाला, "माय, हे काय होय?"

"तुह्या बाजारासारखंच. माल हाये तिथंच हाये, फक्त आकडा चढला."

तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस भांडण झालं. तो म्हणाला, दोन्ही शटर. मी म्हटलं, पैज हरले, मान्य आहे, पण पुण्याला बसून मी काय करू, तिथं तर अंगठा दिवसभर खाजवेल. शेवटी एक शटर गेलं. तिथं आता मोबाईलवाला आहे. सकाळपासून गाणी लावतो, आणि कव्हर, चार्जर, फुटलेल्या काचा एवढंच विकतो. नवा फोन त्याच्याकडं कोणी घेत नाही. तोही दुरुस्तीवरच आहे, पण हे त्याला अजून कळलेलं नाही.

माझ्या शटरमध्ये गंज आहेत, रबराची खोकी आहेत, नावं टाकायचं मशीन आहे. आणि बाजाराच्या दिवशी पायरीवर तो जुना सेल्समन बसतो. कुकरची झाकणं सरळ करतो, मुठी बसवतो. एक दिवस आमच्याकडं, एक दिवस बाभुळगावला, असे त्यानं बाजार वाटून घेतलेत. मोटरसायकल तीच. आल्या आल्या पाणी पितो आणि विचारतो, "काकू, आज माहा भाव काय म्हणते?"

मला सांगावं लागतं. कारण शेअर मी विकलेले नाहीत. खोटं कशाला बोलू. सव्वानऊला वाटतं, आज विकून टाकावेत. साडेतीनला वाटतं, उद्या बघू. भाव सांगितला की तो मान हलवतो आणि झाकणावर हातोडी मारतो. जरा जोरातच मारतो, असं मला वाटतं.

पंचवीस कुकर अजून पलंगाखाली आहेत. बांगड्यावाली म्हणते, आता राहू द्या, पलंग हलायचा थांबला.

मागच्या बाजाराला ती रबरवाली तिचा कुकर घेऊन आली. मी धसकले, म्हटलं, याचंही काही बिघडलं की काय. तिला नाव टाकून हवं होतं. मी विचारलं, कोणाचं, सुनेचं?

"माहंच टाका. माह्या लग्नात माह्या नावाचं एकही भांडं नव्हतं."

बाजाराच्या दिवशी दुकान लवकर उघडते मी; सव्वानऊ वाजले होते. शेजारी गाणं सुरू झालं होतं, फोन गल्ल्यात होता. मी मशीन लावलं आणि ते थरथरतं टोक अंगठ्यात घट्ट धरलं. नाव मोठं होतं, बराच वेळ लागला. तेवढा वेळ अंगठा खाजवला नाही.